वैरणीतील ओल

मांडवीच्या काठी, दिवाडी बेटाच्या समोर, नार्वे नावाचे गाव आहे. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयामुळे. शिवाजीमहाराजांनी १६६८ साली या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, हे शाळकरी मुलेही सांगतात. बेटावरून फेरीबोटीने येणारा प्रवासी देवदर्शन करतो, माडांची सावली आणि नदीचे संथ पाणी पाहतो आणि समाधानाने परत जातो. अशा गावातून चालताना घरामागच्या अंगणात किंवा गोठ्याच्या कडेला उभ्या असलेल्या पेंढ्याच्या उडवीकडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही. दिसावयास ती केवळ वाळलेल्या तणाची रास. परंतु ज्या घरी एक दुभती गाय आहे, त्या घरच्या पावसाळ्याची सारी तरतूद त्या राशीत असते. ती तरतूद कोरडी राहिली तर गोठा सुखाचा. तिच्यात ओल शिरली तर जनावर आजारी आणि कित्येकदा माणूसही आजारी. गोष्ट लहान आहे, पण तिची उपेक्षा महागात पडते.

भाताचे शेत दोन वस्तू देते: माणसाला दाणा आणि जनावराला पेंढा. दाण्याची काळजी प्रत्येक जण घेतो. तो उन्हात पसरतात, उचलतात, पारखतात, कणगीत भरतात. पेंढ्याच्या वाट्याला इतकी आस्था क्वचितच येते. मळणी झाली की तो खळ्याच्या कडेला ढकलला जातो आणि सवड मिळेल तेव्हा रचला जातो. गोव्यात भाताचे हंगाम दोन. पावसाच्या पाण्यावर येणारे सरद पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात कापणीस येते आणि पाण्याची सोय असेल तेथे घेतलेले वायंगण पीक मार्च-एप्रिलमध्ये. वायंगणाच्या पेंढ्याला चैत्राचे ऊन लाभते. दोन-तीन दिवसांत तो खडखडीत वाळतो. सरदाच्या पेंढ्याचे नशीब तसे नसते. हस्त आणि चित्रा या नक्षत्रांच्या सरी केव्हा कोसळतील याचा नेम नाही. खाजण शेतातील पाणी पुरते उतरलेले नसते आणि आकाश निवळले तरी पहाटेच्या दवाने सारे पुन्हा भिजते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीत वैरण वाळविणे ही म्हणूनच एक कसोटी आहे. सड्यावरचे आणि डोंगरउतारावरचे गवतही याच सुमारास कापावयाचे असते, त्यालाही हाच नियम लागू पडतो.

ओल्या वैरणीत नेमके काय घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कापलेले गवत त्याच क्षणी मरत नाही. हिरव्या गवतात शंभर भागांपैकी पंचाहत्तर ते ऐंशी भाग पाणी असते आणि ते पाणी चाळीस भागांपर्यंत खाली येईतो गवताच्या पेशींचा श्वास चालूच राहतो. या श्वासात गवतातील साखर जळते, म्हणजे जनावराचे अन्नच जळत असते. म्हणून पहिल्या दिवशी जितके जलद वाळेल तितके हिताचे. गवत त्यापुढेही ओलसर राहिले आणि तसेच दाबून ठेवले, तर बुरशी व सूक्ष्म जंतू आपले काम सुरू करतात. त्यांच्याही श्वासाने उष्णता निर्माण होते. ती उष्णता राशीच्या पोटात कोंडते आणि उष्णतेत वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंना आमंत्रण मिळते. बाहेरून शांत दिसणाऱ्या राशीत हात घातला तर चटका बसतो, तो यामुळे. तपमान सत्तर अंशांच्या पलीकडे गेले म्हणजे ठिणगीवाचून आग लागण्याचाही धोका उद्भवतो. ही घटना मोठ्या, दाट आणि ओल्या गंजींतून घडलेली आहे.

या विषयावर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात एक उद्‌बोधक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९६३ साली प्रसिद्ध झाला. तेथील शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या ओलीचे गवत गासड्यांत बांधून ठेवले आणि काय होते ते पाहिले. शेकडा सोळा भाग पाणी असलेली गासडी फारशी तापली नाही आणि तिच्यात बुरशीही अल्पच धरली. पंचवीस भाग पाणी असलेली गासडी पंचेचाळीस अंशांपर्यंत तापून बुरसली. चाळीस भाग पाणी असलेली गासडी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापली आणि तिच्यात उष्णताप्रिय जंतूंचे अक्षरशः रान माजले. ज्या गवताच्या धुळीने शेतकऱ्यांची छाती भरते, ते गवत या तिसऱ्या प्रकारचे होय. सोळा आणि चाळीस या दोन आकड्यांमध्ये एखाद्या दिवसाच्या उन्हाचेच अंतर असते. त्या एका दिवसाचा कंटाळा वर्षभर भोवतो.

माणसाच्या छातीचा येथे संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या मजुरांना धुळीने खोकला आणि दमा जडतो, असे इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेविले होते. १९३२ साली कॅम्पबेल या डॉक्टराने इंग्लंडच्या वेस्टमोरलंड परगण्यातील काही शेतमजुरांची हकीकत प्रसिद्ध केली. पावसाळी हंगामात साठविलेले बुरसट गवत हाताळल्यावर ते धापा टाकू लागले होते. या विकारास पुढे ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे नाव पडले आणि तापलेल्या गवतातील उष्णताप्रिय जंतूंचे बीजकण हे त्याचे मूळ असल्याचे १९६३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. हे बीजकण इतके सूक्ष्म असतात की नाकातील केसांना ते अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कोनाड्यापर्यंत पोहोचतात.

या विकाराचे एक लक्षण विशेष फसवे आहे. धुळीत काम करताना फार काही जाणवत नाही. चार ते आठ तासांनी, म्हणजे सकाळी गोठ्यात काम केलेल्या माणसाला दुपारी किंवा संध्याकाळी, थंडी वाजून ताप भरतो, कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते आणि माणूस पुन्हा त्याच उडवीपाशी जातो. कारण आणि परिणाम यांच्यात अर्ध्या दिवसाचे अंतर पडल्याने दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. हिवताप म्हणून, सर्दी म्हणून, बाहेरची हवा बाधली म्हणून औषधे होतात. हेच वर्षानुवर्षे चालू राहिले तर फुप्फुस कडक होत जाते आणि मग दम लागणे कायमचे होते. आपल्याकडे पहाटे गोठ्यात शिरून पेंढा झटकणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. ती आपल्या खोकल्याची वाच्यता करीत नाही आणि घरातील इतर माणसेही तो खोकला तिच्या वयाच्या माथी मारतात. गोठ्यातील कामानंतर वारंवार ताप येत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरला मुद्दाम सांगावी. ‘पेंढा बुरसट होता काय?’ हा साधा प्रश्न कित्येकदा निदानाची किल्ली ठरतो.

जनावराची कथा याहून करुण आहे, कारण त्याला सांगता येत नाही. अविभाजित पंजाबात, शेखूपुरा जिल्ह्यातील देघ नाल्याच्या परिसरात, १९३० च्या सुमारास म्हशींना एक विचित्र रोग झालेला आढळला. शेपटीचे टोक, कानांची टोके आणि पायांचे खूर यांकडील रक्तपुरवठा बंद पडून ते भाग काळे पडत, कुजत आणि गळून पडत. त्या नाल्याच्या नावावरून या रोगाला ‘देगनाला’ म्हणतात. भाताच्या बुरसलेल्या पेंढ्याशी त्याचा संबंध असून बुरशीने निर्माण केलेले विष हे त्याचे कारण समजले जाते. ज्या प्रदेशात भाताचा पेंढा हीच मुख्य वैरण, त्या प्रदेशाने हा धडा विसरू नये. याखेरीज बुरसट वैरणीने गाभण गाय गाभ टाकते, दूध घटते, अपचन होते. कित्येकदा जनावर तोंडच लावीत नाही, आणि मग ‘गाय माजली’ असा ठपका बिचारीवर येतो.

उपाय कोणते? पहिला उपाय विळ्यापासून सुरू होतो. दव उडाल्यावर, सूर्य चांगला वर आल्यावर कापणीस आरंभ करावा. चिखलाला लागून न कापता चार-पाच बोटे वर कापावे. बुडाशी चिकटलेला गाळ पेंढ्याबरोबर घरी आणू नये. गोठ्यातील धूळ दोन प्रकारची असते, एक मातीची आणि दुसरी बुरशीची. मातीची धूळ शेतातच टाळता येते. डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात खनिजाच्या मालमोटारींनी उडविलेली लाल धूळ रस्त्याकडेच्या गवतावर कशी बसते, हे तेथील जुन्या माणसांना सांगावयास नको. अशा जागचे गवत जनावरापुढे न टाकणेच बरे.

कापलेले गवत जाड थरात टाकू नये, पातळ पसरावे. दुपारी ते उलटावे, म्हणजे खालची बाजू वर येते. दाताळ्याने ओढताना दात जमिनीत रुतू देऊ नयेत. सूर्यास्तापूर्वी त्याच्या लहान-लहान टोपल्या शेतातच कराव्यात, म्हणजे रात्रीचे दव केवळ वरच्या पापुद्र्यावर पडते. सकाळी दव उडाल्यावर त्या पुन्हा पसराव्यात. मात्र गवत अकारण आठवडाभर उन्हात ठेवणेही चूक होय. अति उन्हाने त्याचा हिरवा रंग उडतो, त्याबरोबर जीवनसत्त्वेही नष्ट होतात आणि पाने चुरून केवळ काड्या उरतात. हिरवट झाक, गोड वास आणि कोरडा आवाज या तीन खुणा ज्यात आहेत, ते गवत उत्तम साधले असे समजावे.

एवढे करूनही पाऊस आला तर? येथे दूरच्या एका देशाची आठवण होते. मराठी कानाला जवळजवळ याच गावाच्या नावासारखा वाटणारा नॉर्वे देश पावसाळी हवेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक युक्ती वापरली. शेतात ओळीने खांब पुरावयाचे, त्यांना आडव्या तारा किंवा काठ्या बांधावयाच्या आणि कापलेले गवत धोतर वाळत घालावे तसे त्यांवर घालावयाचे. सर्वांत वरचा थर छपरासारखे पाणी निथळवतो, आतून वारा खेळतो आणि ओल्या जमिनीचा स्पर्शच होत नाही. यंत्रे आल्यावर तेथे ही रीत मागे पडली. परंतु तिच्यातील तत्त्व साऱ्या पावसाळी मुलखांचे आहे: ऊन नसेल तेव्हा वाऱ्याकडून काम करून घ्यावे आणि त्यासाठी गवत भुईवरून उचलावे. आपल्याकडील बांधावर, कुंपणाच्या आडव्या बांबूंवर किंवा पडवीतील दांड्यांवर भिजलेल्या पेंढ्या टांगण्यास कोणाचीच हरकत असू नये. दोन माडांच्या मध्ये बांधलेले काथ्याचे चार दोरही हे काम करतात.

वाळले की नाही, हे ओळखावयाचे कसे? मूठभर गवत घेऊन पिळावे. त्यातून रस आला किंवा ते चामड्यासारखे वळले तर ते ओले आहे. पिळताना काड्या तडकू लागल्या तर ते साठवणीस योग्य आहे. काडीचे पेर नखाने खरवडून पाहावे, कारण पेरातील ओल सर्वांत शेवटी जाते. पान वाळले म्हणून फसू नये. तिसरी परीक्षा मिठाची. गवताचे बारीक तुकडे काचेच्या कोरड्या बरणीत घालून त्यात चमचाभर मीठ टाकावे व बरणी काही वेळ हलवावी. मीठ मोकळे राहिले तर ओल कमी. काचेला चिकटून गोळा झाले तर आणखी एक ऊन द्यावे. मात्र समुद्रकाठच्या हवेत मीठ स्वतःच पाणावलेले असते. म्हणून ते आधी तव्यावर भाजून घ्यावे. नाहीतर मिठाच्या दोषासाठी गवताला शिक्षा व्हावयाची!

आता बांधणीसंबंधी. सुटा पेंढा जागा फार अडवितो, झटकताना धूळ अधिक उडते आणि वाहून नेण्यासही कठीण. गासड्या बांधल्याने या अडचणी कमी होतात. यासाठी मोठे यंत्र हवेच असे नाही. सुमारे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि तितक्याच उंचीची, बूड व झाकण नसलेली एक लाकडी पेटी सुताराकडून करून घ्यावी. तळाशी आडवे दोन दोर ठेवून त्यांची टोके बाहेर सोडावीत. पेंढा थराथराने घालून पायांनी तुडवावा, दोर आवळून गाठ मारावी आणि पेटी वर उचलून घ्यावी. अशी गासडी एका माणसास सहज उचलता येते. परंतु एक गोष्ट विसरू नये: गासडी जितकी घट्ट, तितका पेंढा अधिक वाळलेला पाहिजे. सैल भाऱ्यातील थोडी ओल वाऱ्याने निघून जाते. घट्ट गासडीतील ओल बाहेर येण्यास वाटच नसते. म्हणून ओलीचे प्रमाण शेकडा पंधरा-सोळाच्या वर असेल तर बांधू नये. किंचित ओलसर गवतावर शेकडा एक-दोन भाग मीठ भुरभुरण्याची जुनी रीत आहे. ती बुरशीस थोडा आळा घालते, परंतु ओल्या गवताचे कोरडे गवत मीठ करू शकत नाही.

रचलेली वैरण पहिले दोन-तीन आठवडे नजरेखाली ठेवावी. लोखंडाची एक सळई राशीच्या पोटात खुपसून तासाभराने काढावी व हाताने धरून पाहावी. ती कोमट असेल तर लक्ष ठेवावे. धरवत नसेल तर रास मोडून पसरावी. राशीखाली दगड किंवा लाकडे घालून हातभर उंच माच करावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. माथा उतरता ठेवून त्यावर झापे घालावीत. आता बहुतेक ठिकाणी झापांऐवजी प्लॅस्टिकची ताडपत्री आली आहे. ती पाऊस अडविते हे खरे; परंतु पेंढ्याला घट्ट लपेटली तर आतील वाफ तिच्याच खाली थिजून पुन्हा पेंढ्यावर गळते. ताडपत्री आणि पेंढा यांच्यामध्ये वाऱ्याला वाट ठेवावी. आषाढ-श्रावणातील हवा इतकी दमट असते की चांगला वाळलेला पेंढाही तिच्यातील पाणी शोषून घेतो. तेव्हा रोज लागेल तेवढीच वैरण बाहेर काढावी आणि काढलेली बाजू लगेच झाकावी.

एवढे सारे काम चार दिवसांच्या उघडिपीत उरकावयाचे असते, आणि तेथेच माणसांच्या हातांची किंमत कळते. मुंबईच्या तबेल्यांना पूर्वी ठाणे जिल्ह्यातून गवत जात असे. १९४५ साली उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारली मजुरांनी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली आणि ती मिळेपर्यंत विळे खाली ठेविले. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने तो लढा मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. गवत थांबत नाही, हे मालक जाणत होते आणि मजूरही. आज गोव्यातील भातशेतीत हात दुर्मिळ झाले आहेत. त्यांची जागा कापणी-मळणीच्या यंत्राने घेतली आहे. यंत्र दाणा तत्परतेने वेगळा करते, पण पेंढा चुरडून ओल्या शेतात विखरून टाकते. तो लगोलग गोळा करून वाळविला नाही तर शेतातच कुजतो आणि मग तीच वैरण विकत घ्यावी लागते. यंत्राचे भाडे ठरविताना पेंढा उचलण्याची तजवीजही त्याच दिवशी केली पाहिजे.

शेवटी, बुरसलेल्या वैरणीचे काय करावे? ‘थोडीच बुरशी आहे, चांगल्यात मिसळून घालू’ हा मोह आवरावा. विष मिसळल्याने नाहीसे होत नाही. ती जनावराखाली अंथरूही नये, कारण धूळ तीच उडते आणि जनावर तिला तोंड लावते. ती पाण्याने भिजवून, नाकातोंडावर दाट फडके किंवा मुखवटा बांधून काढावी आणि माडा-पोफळीच्या आळ्यात अथवा खताच्या खड्ड्यात घालावी. चांगला पेंढा झटकावयाचा तोही गोठ्याबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. घालण्यापूर्वी पाण्याचा हलका शिपका द्यावा आणि शिपडलेली वैरण त्याच वेळी संपवावी.

यांतील एकही उपाय खर्चाचा नाही. दोन दोर, एक पेटी, एक सळई, चिमूटभर मीठ आणि हंगामातील एक जास्तीचा दिवस, एवढेच भांडवल पुरते. नार्व्याच्या काठावर संध्याकाळी गोठ्यातून दुधाच्या धारेचा आवाज येतो तेव्हा त्यामागे ऑक्टोबरातील एका दुपारी कोणीतरी वाकून उलटलेले गवत असते. गाय ते मुकाट्याने खाते आणि ते घालणारी गृहिणी मोकळा श्वास घेते. वैरण वाळविण्याच्या कष्टाचे यापरते दुसरे वेतन नाही.